एका हाताच्या चार प्रणाली

सोळा सप्टेंबरला सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी बंदेनवाज शिकलगार यांच्या उजव्या हाताच्या नावाने पत्र आले. ते आले मुलीच्या फोनवर, कारण अशा पत्राची प्रत जवळच्या नातलगाला द्यावी असा कायदा आहे. मजकूर चार ओळींचा होता. ‘आरंभ’ ही कार्यप्रणाली चालवणारी कंपनी बंद झाली आहे. प्रणालीचा परवाना तीस सप्टेंबरला दुपारी बारा वाजता संपेल. त्यानंतर तिच्यावर चालणाऱ्या अवयवांची हमी नाही. गैरसोयीबद्दल क्षमस्व.

नसीमने पत्र दोनदा वाचले आणि दुकानाच्या आतल्या बाजूला पाहिले. ज्या हाताला पत्र आले होते तो हात कानस चालवत होता.

मिरजेच्या वाद्यांच्या गल्लीत शिकलगारांचे दुकान तंबोऱ्यांसाठी ओळखले जाते, आणि तंबोऱ्यांमध्येही जवारीसाठी. तंबोऱ्याच्या तारा भोपळ्यावरच्या एका हाडाच्या पट्टीवरून जातात. तिला घोडी म्हणतात. घोडीची पाठ सपाट दिसते, पण ती किंचित उतरती असते आणि त्या उतारावर तार केसभर अंतरात टेकत-सुटत राहते. एकाच तारेतून दहा-बारा स्वर एकदम ऐकू येतात ते त्यामुळे. हा उतार कानशीने घासून काढणे म्हणजे जवारी काढणे. त्याला माप नाही. घासायचे, तार चढवायची, ऐकायचे, उतरवायची, पुन्हा घासायचे. बंदेनवाज हे काम पंचावन्न वर्षे करत होते. त्यातली शेवटची सहा वर्षे तो हात त्यांच्या एकट्याचा नव्हता.

सहा वर्षांपूर्वी त्यांना पक्षाघात झाला. मेंदूच्या डाव्या बाजूचा सुपारीएवढा भाग मेला आणि त्याच्याबरोबर उजवा हात आणि बोलणे गेले. त्या काळापर्यंत मज्जासेतू सरकारी योजनेत आले होते. मज्जासेतू म्हणजे नखाएवढी प्लेट. ती मेलेल्या भागाच्या दोन्ही काठांना जोडतात आणि मधले काम करायला एक यंत्र गळ्याच्या हाडाखाली बसवतात. तीन आठवड्यांत बंदेनवाज बोलू लागले. चौथ्या महिन्यात त्यांनी कानस हातात घेतली. गल्लीत पेढे वाटले गेले होते.

पत्राबद्दल नसीमने त्यांना दुपारी जेवताना सांगितले. त्यांनी घास खाली ठेवला नाही. “काही बदलू नकोस,” ते म्हणाले. “मी आहे तसा बरा आहे.”

“तीस तारखेनंतर हात चालणार नाही, अब्बा. बोलताही येणार नाही.”

“मग तू बघ,” ते म्हणाले. “पण मला बदलू नकोस.”

*

डॉ. वैजयंती उपळेकर मेंदूच्या डॉक्टर होत्या आणि प्रणालीतज्ज्ञही. मिरजेतल्या रुग्णालयात त्यांच्या दाराबाहेर त्या आठवड्यात बाकडी कमी पडत होती, कारण ‘आरंभ’वर चालणारे रुग्ण जिल्ह्यात दोनशेच्या वर होते. नसीमला त्यांनी पंचवीस मिनिटे दिली आणि सुरुवातीला एक कप उचलायला सांगितला.

“आता तुम्ही काय ठरवलंत?”

“कप उचलायचं.”

“एवढंच ना? बोटं किती मिटायची, कप भरलेला आहे की रिकामा, मनगट कधी वळवायचं, ओठांपाशी कुठे थांबायचं, हे तुम्ही ठरवलं नाहीत. पण कोणीतरी ठरवलं. संगणकाचंही असंच असतं. तुम्ही म्हणता, छाप. मग कोणाचा नंबर आधी, कुठली जागा वापरायची, काय करू द्यायचं आणि काय नाही, हे सगळं खाली बसून कार्यप्रणाली बघते. तुमच्या वडिलांच्या मेंदूतला तो खाली बसलेला माणूस गेला. त्याच्या जागी ‘आरंभ’ बसली.”

“म्हणजे हात अब्बांचा, आणि हुकूमही अब्बांचा.”

“मधला सगळा कारभार प्रणालीचा. बोलण्याचंही तेच. सांगायचं काय ते त्यांचं. चार शब्दांतला कुठला निवडायचा, कुठला गिळायचा, ते तिचं.”

पर्याय तीन होते. ‘निरामय’ ही एका मोठ्या कंपनीची प्रणाली होती. प्लेट, यंत्र, प्रणाली सगळे एकाच घरचे, सफाईदार, आणि आतून कोणालाही न दिसणारे; ‘आरंभ’च्या रुग्णांना मात्र ती त्यांच्या जुन्याच प्लेटवर घेत होती. ‘चौफेर’ सगळ्यात जास्त लोकांमध्ये होती. ती कुठल्याही प्लेटवर, कुठल्याही यंत्राबरोबर चालायची आणि त्याच कारणाने सारखी काहीतरी दुरुस्त करत बसायची. तिसरी ‘सावड’. तिला कंपनी नव्हती. जगभरच्या काही हजार लोकांनी ती आपापल्या फावल्या वेळात लिहिली होती, तिची प्रत्येक ओळ कोणालाही वाचता येत होती, आणि बिघाड झाला तर जबाबदार कोणीच नव्हते.

“चांगली कुठली?” नसीमने विचारले.

डॉक्टर म्हणाल्या, या प्रश्नाला त्यांनी आज सकाळपासून अकरा वेळा उत्तर दिले नाही.

“मग असं सांगा. आता आहेत तसे ते कुठल्या प्रणालीत राहतील?”

डॉक्टरांनी लिहिता लिहिता मान वर केली. “आता म्हणजे कधीचे?”

नसीमला प्रश्न कळला नाही. बाहेर कोणीतरी दार वाजवले आणि डॉक्टर पुढच्या मुद्द्यावर गेल्या. या दोन वाक्यांकडे नसीमने नंतर बऱ्याचदा मागे वळून पाहिले.

पुढचा मुद्दा चाचणीचा होता. प्रत्येक प्रणाली तीन दिवस वापरून पाहता येणार होती. कमरेला एक डबी बांधायची, नवी प्रणाली डबीतून चालवायची, आतली ‘आरंभ’ तेवढा वेळ झोपवून ठेवायची. निर्णय झाला की कायमची मांडणी. ती एकदाच होते. मेंदूचे धागे ‘आरंभ’पासून सुटून नव्या प्रणालीभोवती घट्ट बसतात, पण असे सुटणे त्यांना एकदाच जमते. पुन्हा बदलायची तर प्लेटच उपटावी लागते आणि एकाहत्तर वर्षांच्या मेंदूतून ती कोणी उपटत नाही.

“अब्बाच सांगतील ना कुठली बरी वाटते ते.”

“सांगतील,” डॉक्टर म्हणाल्या. “तीच तर अडचण आहे.”

वैद्यकात याला आत्मपसंती म्हणतात. रुग्णाला विचारले की तुम्हाला कुठली प्रणाली हवी, तर तो त्या क्षणी आत चालू असलेली प्रणाली मागतो. तो खोटे बोलत नसतो. आवडनिवड ठरवणारे धागेही त्याच काठावरून जातात आणि मेंदू दीड-दोन दिवसांत नव्या वळणाला आपलेच वळण समजू लागतो. देशात झालेल्या चारशे एकोणीस चाचण्यांपैकी चारशे अकरांत असे घडले होते. म्हणून कायद्याने रुग्णाची संमती ऐकून घ्यायला सांगितले, पण सही नातलगाची ठरवली.

“ते विनवतील तुम्हाला,” डॉक्टर म्हणाल्या. “तिन्ही वेळा. आत्ताच सांगून ठेवते, कारण नंतर सांगितलं तर तुम्हाला मी निर्दय वाटेन.”

*

नसीम त्रेचाळीस वर्षांची होती. पंधराव्या वर्षापासून ती दुकानात होती. तारा चढवणे, तारांवरचे मणी सरकवून स्वर लावणे तिचे, जवारी वडिलांची. बोलण्यावर विश्वास ठेवायचा नाही असे ठरले तेव्हा तिला एकच कसोटी सुचली. एकाच हाडाच्या तीन घोड्या कापून घेतल्या, एकाच मापाचे तीन तंबोरे भिंतीला लावले. प्रत्येक प्रणालीत वडिलांनी एक जवारी काढायची. माणूस काहीही बोलेल, जवारी खोटे बोलणार नाही.

‘निरामय’ अठरा तारखेला सुरू झाली. पहिल्या तासातच बंदेनवाज इतके नीट बोलू लागले की नसीमला परक्या माणसाशी बोलल्यासारखे झाले. वाक्ये पूर्ण, शब्द स्वच्छ, कुठेही अडखळणे नाही. हात पाण्यासारखा चालत होता. डबीवर एक हिरवा ठिपका होता आणि तो तीन दिवस हिरवाच राहिला.

खटकण्यासारखे फार थोडे होते. तार चढवताना ती सटकली की बंदेनवाज तारेच्या आईबापाचा उद्धार करत. आता ते गप्प राहून दुसरी तार घेत. घोडी घासून झाली की ती जिभेच्या टोकाला लावून पाहायची त्यांची जुनी खोड होती. जिभेला जो कंगोरा कळतो तो बोटाला कळत नाही, असे ते सांगत. आता त्यांनी तसे केले नाही. नसीमने आठवण करून दिली.

“हाडाचा भुगा असतो त्यावर,” ते म्हणाले. “कशाला तोंडात घालायचा?”

नसीमने डॉक्टरांना फोन केला. डॉक्टरांनी सांगितले की हाताने अनोळखी वस्तू तोंडात नेणे निरामयच्या मान्य हालचालींच्या यादीत नाही. यादीत नसलेले ती करू देत नाही.

“पण ते तर म्हणाले, मलाच नको.”

“हो. मनाई झाली हे त्यांना कळत नाही. त्यांना फक्त नको वाटतं.”

जवारी मात्र अप्रतिम निघाली. तार छेडली की स्वर गोल उमलत जायचा, शेवटपर्यंत कुठे खरखर नाही. दुकानात विक्रीला ठेवलेल्या बाकीच्या तंबोऱ्यांशी तिने तो ताडून पाहिला. डोळे मिटून ऐकले तर कुठला कुठला ते सांगता येत नव्हते. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी डबी काढायला निघताना बंदेनवाजांनी तिचा हात धरला.

“हीच राहू दे, बेटी,” ते शांतपणे म्हणाले. “मला कुठेही दुखत नाही आता. तू हे काढलंस तर आत्ताचा मी जाईन. ते मला नको आहे.”

‘चौफेर’ एकवीसला आली आणि दुकानातल्या प्रत्येक वस्तूशी तिची ओळख झाली. बंदेनवाजांचे कानाचे यंत्र, साखरेचा पंप, भोपळा कापायची करवत, शेजारच्या दुकानातली घंटीसुद्धा. करवत सुरू व्हायच्या आधी त्यांना कळायचे की ती सुरू होणार. ते हसत म्हणाले की इतकी वर्षे आपण आंधळ्यासारखे काम केले.

पण चौफेर विचारत बसायची. बंदेनवाज कप खाली ठेवताना थांबत आणि म्हणत, “ठेवू ना? नक्की?” दार लावतानाही तेच, कानस उचलतानाही तेच. नसीम दिवसभरात दोनशे वेळा ‘हो’ म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी एका गिऱ्हाइकाला ते खुंट्यांचे लाकूड समजावून सांगत होते. “शिसव घेतलं तर” इथपर्यंत आले आणि गप्प झाले. डोळे उघडे, चेहरा मोकळा. चौदा मिनिटे. गिऱ्हाईक घाबरून उठले. पंधराव्या मिनिटाला ते “सात-आठ वर्षं बघायला नको” म्हणाले आणि गिऱ्हाईक कुठे गेले म्हणून नसीमला विचारू लागले. प्रणालीने स्वतःची दुरुस्ती करून घेतली होती. वेळ तिने तिच्या सोयीने निवडली होती.

जवारी चांगली होती, पण तीन ठिकाणी तुटक; जिथे घासता घासता त्यांनी ‘नक्की?’ विचारले होते तिथे. डबी काढताना तेही विनवू लागले. “मला बंद करू नकोस,” ते म्हणाले, आणि लगेच, “खरंच करणार आहेस का?” हे ‘खरंच’ वडिलांचे की प्रणालीचे, ते नसीमला ठरवता आले नाही. तिने डबी काढली.

*

‘सावड’ चोवीसला सकाळी दहाला चालू केली आणि दुपारी चारपर्यंत काहीच झाले नाही. हात लोंबकळत होता, तोंडातून घशाचा आवाज तेवढा येत होता. डॉक्टरांनी आधीच सांगितले होते की सावडला घरातला एक कारभारी लागतो, ज्याच्याकडे सगळ्या किल्ल्या असतात. कारभारी नसीम होती. पडद्यावर काळ्या पाटीवर ओळी येत होत्या. तिने मदतफळ्यावर प्रश्न टाकला. पहिले उत्तर आले, आधी मार्गदर्शिका वाचलीत का? दुसरे उत्तरही तेच आले, जरा लांबवून. तिसरे तेजपूरच्या एका निवृत्त पोस्टमास्तरांचे होते. त्यांच्या बायकोला याच जातीची प्लेट होती आणि तिच्यासाठी त्यांनी जोडणीचा तुकडा लिहिला होता. कुठली ओळ कुठे घालायची ते त्यांनी तासभर फोनवर सांगितले आणि वडिलांना सलाम कळवा म्हणाले.

चार वाजून पाच मिनिटांनी बंदेनवाज पहिले वाक्य बोलले. ते तारेला उद्देशून होते आणि छापण्यासारखे नव्हते. नसीम हसली. तीन दिवसांत ती हसली ती एवढ्या एकदाच.

कारण बाकी सगळे हाल होते. ते अडखळत होते, शब्द सापडला नाही की चिडत होते, चिडून रडत होते. हात थरथरत होता. चहा निम्मा बशीत. घोडी घ्यायचे, घासायचे, जिभेला लावायचे, फेकून द्यायचे, पुन्हा उचलायचे. एक जवारी काढायला त्यांना जवळजवळ दोन दिवस लागले. त्या दोन दिवसांत नसीमने पडद्यावरच्या ओळींमध्ये एक आकडा शोधून काढला. तो कमी केला की त्यांचे रडणे कमी होत होते. तिने तो दोनदा कमी केला, मग आपण काय करतो आहोत हे तिच्या ध्यानात आले आणि तिने तो होता तिथे नेऊन ठेवला.

सव्वीसला दुपारी तिने तंबोरा लावला. स्वर भरपूर होता, पण अंगावर येणारा. आणि सगळ्याच्या वर, फार उंच, एक बारीक स्वर धरून राहत होता, कोणी लांबून शीळ घालावी तसा.

“अब्बा, वर काहीतरी शिट्टी वाजतेय.”

“ती अ... असतेच.” ते थांबले. पुढचा शब्द शोधायला त्यांना बराच वेळ लागला. “तू ऐ... ऐकायचं सोडलंस.”

“बाकीच्या कुठल्या तंबोऱ्याला नाही ती.”

बंदेनवाजांनी भिंतीवरच्या तंबोऱ्यांकडे पाहिले. ते सगळे त्यांनीच केलेले होते. त्यांना काहीतरी सांगायचे होते आणि ते सांगता येईना. उजव्या हाताने ते भिंतीकडे बोट करत राहिले आणि बोट थरथरत राहिले. शेवटी ते म्हणाले, “नसी, मी आत्ता आलोय. मला परत... परत पाठवू नकोस.”

हे तिने तिसऱ्यांदा ऐकले. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणेच सगळे घडत होते. तिने डबी काढली, आतली ‘आरंभ’ जागी झाली, थरथर थांबली आणि बंदेनवाज नेहमीच्या आवाजात म्हणाले, “झालं का? भूक लागलीय.”

*

सत्तावीस तारखेला सकाळी नसीमने तिन्ही तंबोरे एकापाठोपाठ छेडले आणि त्यांच्यामध्ये दुकानातला एकेक तंबोरा छेडत गेली. चौफेरचा तुटका, सावडचा खरखरीत, वर शिट्टी. निरामयचा बाकीच्यांत मिसळून गेला. अब्बांचा हात कुठला याबद्दल कानाला शंका उरली नाही. सावडमधल्या त्या रडणाऱ्या माणसाला आपण सुटकाच दिली असेही तिला वाटले, आणि असे वाटले म्हणून तिने पुन्हा एकदा सगळे तंबोरे पहिल्यापासून ऐकले. उत्तर तेच आले.

अठ्ठावीसला तिने सही केली. एकोणतीसला कायमची मांडणी झाली. तीस तारखेला दुपारी बारा वाजता जिल्ह्यातल्या सात जणांचे हात थांबले, कारण त्यांच्या घरी कोणाचे एकमत झाले नव्हते. बंदेनवाज त्या वेळी भात कालवत होते. काही घडले नाही.

पुढचे दिवस चांगले गेले. त्यांनी नसीमवर एकदाही आवाज चढवला नाही. शेजारचे म्हणाले, चाचा तरुण झाले.

चार ऑक्टोबरला जमखंडीहून हुद्दार नावाचे गृहस्थ एक लांबट पेटी घेऊन आले. आत तंबोरा होता. त्यांच्या मावशीने तो अकरा वर्षांपूर्वी याच दुकानातून नेला होता. चार महिने ती गायली, मग आजारी पडली, मग गेली. तेव्हापासून पेटी उघडली नव्हती. आता मुलगी गाणे शिकते आहे, तेव्हा तारा बदलून द्या, ते म्हणाले. गावात एक काम आहे, तासाभरात येतो.

शिकलगारांच्या दुकानाचा एक रिवाज आहे. दुरुस्तीला आलेल्या वाद्याची जुनी जवारी आधी उतरवायची आणि नवी काढायची. आपल्या दुकानाच्या नावावर शिळी जवारी बाहेर जाऊ द्यायची नाही, हा बंदेनवाजांच्या वडिलांचा दंडक होता. त्यामुळे मिरजेत आणि आसपास शिकलगारांचे जेवढे तंबोरे वाजत होते, ते सगळे कधी ना कधी दुकानात परत आले होते आणि गेल्या सहा वर्षांत पुन्हा घासले गेले होते. दुकानात जुने असे काही उरले नव्हते. नसीमला हे माहीत होते. कसोटी लावताना ते तिच्या डोक्यात आले नाही, कारण जो रिवाज रोज पाळला जातो तो कोणाच्या डोक्यात येत नाही.

आत्ताही तिने सवयीने गंजलेल्या तारा काढल्या आणि घोडी तपासायला नव्या चढवल्या. षड्ज लावला. घोडीवर तारेखाली जवारी खुलवणारा दोरा सरकवला आणि छेडले.

सगळ्याच्या वर, फार उंच, कोणीतरी लांबून शीळ घालत होते.

तिने दोरा काढून पुन्हा सरकवला. दुसरी तार छेडली, तिसरी छेडली. मग उठून दुकानाच्या मागच्या बाजूला गेली आणि डॉक्टरांना फोन केला. काय ऐकले ते तिने सांगितले.

डॉक्टरांनी सगळे ऐकून घेतले. मग त्यांनी समजावले तेही सावकाश, एकेक वाक्य सुटे करून. प्रत्येक जिवंत माणसाच्या हाताला एक बारीक कंप असतो. सेकंदाला आठ-दहा वेळा. डोळ्यांना तो दिसत नाही. कानस चालवणाऱ्या हातातून तो हाडावर उतरत असेल, त्या लाटांवर तार टेकत असेल आणि वरचा स्वर निघत असेल. प्रत्येकाचा कंप वेगळा. आरंभ तो कंप दोष समजून पुसून टाकायची. चौफेरही पुसते, निरामयही. आरंभ आणि निरामय यांचे ते गणित तर एकाच मंडळींनी लिहिलेले आहे. ती मंडळी आरंभ सोडून निरामयमध्ये गेली.

“आणि सावड?”

“सावड काही पुसत नाही. मेंदूकडून आलेलं जसंच्या तसं पुढे देते. आजारपणाची थरथरही, आणि त्यांची स्वतःचीही.”

“मी त्यांना ओळखलं असं मला वाटलं.”

“तुम्ही आरंभला ओळखलंत, नसीमताई. सहा वर्षं तुम्ही तिच्याबरोबर राहत होतात.”

नसीमने विचारले की काही करता येईल का. डॉक्टर नाही म्हणाल्या. त्या आणखी काही बोलत होत्या, पण दुकानातून तंबोऱ्याचा आवाज आला म्हणून नसीमने फोन ठेवला.

बंदेनवाज तंबोरा मांडीवर घेऊन बसले होते. डोके किंचित कलते करून ते ऐकत होते. चेहऱ्यावर नापसंती होती, पण राग नव्हता.

“ही जवारी बिघडलेली आहे,” ते म्हणाले. “वर शिट्टी वाजते. ऐकलीस?”

“ऐकली.”

“कोणाचं काम आहे?”

त्यांनी वाद्य उजेडाकडे वळवले. घोडीच्या कडेला खिळ्याने कोरलेले एक ‘ब’ आणि साल होते. त्यांनी त्यावरून अंगठा फिरवला. नसीम त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होती. काहीतरी दिसेल, पापणी हलेल, शब्द अडखळेल म्हणून ती वाट पाहत होती.

“माझंच आहे की,” बंदेनवाज म्हणाले आणि समंजसपणे हसले. “तेव्हा मला जमत नव्हतं. कानस दे, उतरवून टाकतो.”

हुद्दार यायला वीस मिनिटे होती. रिवाज बंदेनवाजांना तोंडपाठ होता. नाही म्हणायचे तर कारण सांगावे लागणार होते. आणि नसीमने कारण सांगितले असते, तर त्यांनी ते न चिडता, मधे न बोलता, शेवटपर्यंत ऐकून घेतले असते आणि पटले असे म्हटले असते.

“बेटी, कानस,” ते पुन्हा म्हणाले.

कानस एका हातातून दुसऱ्या हातात गेली. त्या दोन हातांपैकी एकच थरथरत होता.